भिशी नाही, किटी नाही... हे आहे 'आतलं चाक'!

समाजसेवा म्हणजे रिटायरमेंटनंतरचा टाइमपास आणि मैत्री म्हणजे कॉलेजात संपलेला विषय, असं वाटणाऱ्या तिशीतल्या तमाम मैत्रिणींसाठी, एका महिला क्लबच्या आतून!

तुमच्या मोबाइलमध्ये किती नंबर सेव्ह आहेत? माझ्याकडे आठशेच्या वर आहेत. आता त्यातले असे किती, की ज्यांना रात्री अकरा वाजता 'अगं, जरा येतेस का?' असा फोन करता येईल? मोजून बघा. एका हाताची बोटं पुरतात की नाही?

कॉलेजची गँग बंगलोर, बोस्टन आणि बाणेरमध्ये पांगलेली असते (आणि ट्रॅफिकच्या कृपेने बाणेरवाली बोस्टनवालीइतकीच लांब असते!). ऑफिसातल्या मैत्रिणी असतात, पण प्रोजेक्ट असेपर्यंत. अप्रेझलच्या महिन्यात तर त्याही जरा जपूनच बोलतात. मी मूळची सांगलीची. पुण्यात आठ वर्षं झाली, नोकरी हिंजवडीत, भाड्याचा फ्लॅट कोथरूडमध्ये. झुंबा करून झाला, वीकेंड ट्रेकचे दोन ग्रुप करून झाले. राजगडावर सॉलिड फोटो आले, पण सोमवारी सगळे पुन्हा अनोळखी!

अशात एकदा लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधल्या काकू म्हणाल्या, "आमच्या क्लबात ये की एकदा. इनर व्हीलमध्ये." मी विचारलं, "म्हणजे भिशी का?" काकूंनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी पुढचे दोन मजले मुकाट्याने फोनमध्ये डोकं घालून उभी राहिले.

टर्किश बाथमधला अड्डा

तर भिशी नव्हे. गोष्ट सुरू होते शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये. १९०५ मध्ये शिकागोत सुरू झालेली रोटरी तोवर ब्रिटनमध्येही पसरली होती, पण तिथे प्रवेश फक्त पुरुषांना. पहिल्या महायुद्धाच्या काळात या रोटेरियन मंडळींच्या बायकाही मदतकार्यात उतरल्या. युद्ध संपलं, पण एकत्र काम करायची सवय लागलेल्या बायकांना आता घरी गप्प बसायचं नव्हतं.

१५ नोव्हेंबर १९२३ रोजी मँचेस्टरमध्ये २७ जणी एकत्र जमल्या. कुठे माहितेय? चक्क एका टर्किश बाथमध्ये! पुढाकार होता मार्गारेट गोल्डिंग यांचा. बाई शिक्षणाने नर्स, आणि शिवाय स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या. आजच्या भाषेत सांगायचं तर वर्किंग वूमन आणि आंत्रप्रूनर, दोन्ही! १० जानेवारी १९२४ ला क्लबची रीतसर स्थापना झाली. म्हणून जगभर १० जानेवारी हा 'इनर व्हील डे' म्हणून साजरा होतो. रोटरीचं दातेरी चाक आणि त्याच्या आत आणखी एक छोटं चाक, असं यांचं चिन्ह आहे. 'आतलं चाक' हे नाव त्यावरून.

भारतातला पहिला क्लब १९५५ मध्ये अहमदाबादला निघाला. आज शंभराहून जास्त देशांत ही संघटना आहे आणि सदस्या लाखाच्या वर आहेत. उद्देश तीनच. खरी मैत्री, स्वतः हात लावून केलेली सेवा आणि देशादेशांतला समजूतदारपणा. यात मैत्री पहिल्या नंबरावर आहे बरं का! मला अपील झालं ते नेमकं हेच.

आयएसओ म्हणजे सर्टिफिकेट नव्हे!

यांचं वर्ष जुलैत सुरू होतं. मी पहिल्यांदा गेले तेही जुलैतच, नव्या प्रेसिडेंटच्या पदग्रहणाला. ऑफिसमधून थेट, जीन्समध्ये. हॉलमध्ये पाऊल टाकलं तर समोर चाळीसेक बायका निळ्या-सोनेरी साड्यांमध्ये! स्टेजवर बॅनर, प्रेसिडेंटच्या गळ्यात मोठ्ठी कॉलर, आधी प्रार्थना, मग स्वागत, मग गुच्छ, मग पुन्हा गुच्छ. भाषणात अक्षरांचा नुसता पाऊस. पीपी म्हणजे पास्ट प्रेसिडेंट. पीडीसी म्हणजे पास्ट डिस्ट्रिक्ट चेअरमन (हो, बाई असल्या तरी 'चेअरमन'च!). आयएसओ म्हणजे इंटरनॅशनल सर्व्हिस ऑर्गनायझर, म्हणजे परदेशातल्या क्लबांशी संपर्क ठेवणारी. आमच्या आयटीत आयएसओ भिंतीवर टांगतात, इथे आयएसओ माझ्या शेजारी बसून समोसा खात होत्या.

फोटो भरपूर निघतात, हे खरं आहे. प्रोटोकॉलचं कौतुक जरा जास्तच आहे, हेही खरं. पण त्याच कार्यक्रमात एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. मावळत्या खजिनदार काकूंनी वर्षाचा हिशेब वाचून दाखवला. पै न् पै. एकीने उभं राहून विचारलं, "रेनकोटवाटपात अठराशे रुपये जास्त कसे गेले?" काकूंनी शांतपणे बिल काढून दाखवलं. नंतर कळलं, की या काकूंनी आयुष्यात नोकरी केलेली नाही. वर्षभरापूर्वी त्यांना चेक लिहिता येत नव्हता, घरी सगळं 'हे' बघायचे. आज चाळीस बायकांसमोर ऑडिट देत होत्या!

पदं इथे साधारण वर्षभराची असतात. चाक फिरत राहतं, म्हणजे प्रत्येकीला कधी ना कधी माईकसमोर उभं राहावंच लागतं. आम्ही लीडरशिपचे ट्रेनिंग प्रोग्रॅम कंपनीच्या पैशाने करतो, या बायका ते एकमेकींच्या जिवावर करतात.

मशीन की नळ?

ऑगस्टच्या मीटिंगमध्ये प्रोजेक्ट ठरत होता. पौडच्या पलीकडे मुळशी तालुक्यातली एक जिल्हा परिषदेची शाळा. तिथे सॅनिटरी पॅडचं व्हेंडिंग मशीन बसवायचं. स्पॉन्सर तयार, बॅनरचं डिझाइन तयार, उद्घाटनाची तारीखसुद्धा जवळपास पक्की. फक्त एकदा शाळा बघून यायची होती. ते काम आलं माझ्याकडे आणि क्लबातल्या एका रिटायर्ड नर्स ताईंकडे.

शाळा गोड होती. व्हरांड्यात रांगोळी, भिंतीवर पाढे. मागे मुलींसाठी दोन टॉयलेट. एकाला कुलूप, दुसऱ्याला कडी नाही. आत नळ होता, पण पाणी नव्हतं. छपरावरची टाकी फुटून वर्ष झालेलं.

मी मोबाइलवर फोटो काढत होते. ताईंनी काय केलं? त्या सरळ सातवीच्या मुलींमध्ये मांडी घालून बसल्या. डब्याला काय आणलंय, कोणाची आई शेतात जाते, कोणाची आजी ओरडते, अशा गप्पा. मग सहज विचारलं, "पाण्याची बाटली कुणाचीच दिसत नाही ती?" एक मुलगी हळूच म्हणाली, "आम्ही जास्त पाणी पीतच नाही, बाई. मग जावं लागतं ना."

आणि 'त्या' दिवसांत? "घरीच थांबतो."

परतीच्या रस्त्यावर ताई काही बोलल्या नाहीत. चांदणी चौक आल्यावर एवढंच म्हणाल्या, "पॅड बदलायला जागा नाही, हात धुवायला पाणी नाही, वापरलेलं टाकायला डबा नाही. त्या मशीनचं काय लोणचं घालायचंय?"

पुढच्या मीटिंगला मी एक्सेल शीट घेऊन गेले. टाकी, पाइप, नळ, दोन्ही दारांच्या कड्या, झाकणाचे डबे. खर्च जवळपास मशीनएवढाच. मला वाटलं, पाच मिनिटांत पास होईल. छे! सव्वा तास वादावादी झाली. प्रेसिडेंटचा मुद्दा होता, की स्पॉन्सरला मशीनचा शब्द दिलाय. त्यांचं नाव मशीनवर येणार, टाकीवर कोण बघतंय? एकीला डिस्ट्रिक्टच्या रिपोर्टची काळजी. आणि मग उठल्या आमच्या सगळ्यात ज्येष्ठ पीपी. वय बहात्तर, आवाज खणखणीत.

"बाळ, तुझं एक्सेल छान आहे. पण टाकी दुरुस्त करणं जिल्हा परिषदेचं काम आहे. आज आपण केलं, की उद्या ते हात झटकतील. परवा कडी मोडली की पुन्हा आपल्याकडे येतील. आपण त्यांची कामं करत बसायची, की त्यांना कामाला लावायचं?"

मुद्दा बिनतोड होता. माझ्या शीटमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. उत्तर नर्स ताईंनी दिलं. "लावू या ना कामाला. अर्ज करू, पाठपुरावा करू. पण तो मंजूर होईपर्यंत सातवीतली पोरगी दहावीत जाईल. तोवर तिने पाणी प्यायचं नाही का?"

हात वर करून मतदान झालं. टाकीला १४, मशीनला ९. पण ज्येष्ठ काकूंनी त्यावर एक अट घातली आणि ती सगळ्यांनी मानली. शाळा व्यवस्थापन समितीने देखभालीची जबाबदारी लेखी घ्यायची, आणि जिल्हा परिषदेकडे अर्ज आपण लिहून द्यायचा. खरं सांगते, त्या दिवशी माझ्या टाकीपेक्षा त्यांची अट जास्त महत्त्वाची होती.

स्पॉन्सरने निम्मी रक्कम काढून घेतली. मग उरलेले पैसे कुठून आणायचे? तर दिवाळीचा फराळ! दोन रविवार एका काकूंच्या स्वयंपाकघरात आम्ही अकरा जणी चकल्या पाडत होतो. सोऱ्या फिरवून फिरवून माझा खांदा जाम दुखला. माझ्या चकल्यांना काटा येईना, म्हणून मला पॅकिंगला बसवलं. चाळीस किलो फराळ विकला. अर्धा तर मी ऑफिसातच खपवला. आयटीवाल्यांना चकली दाखवा, ते क्यूआर कोड स्वतःच मागतात!

डिसेंबरात टाकी बसली. रिबन नव्हती, बॅनर छोटासाच. जानेवारीत मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. एक नळ तुटलाय, समितीने प्लंबरचे पैसे दिलेत, पण प्लंबर काही येत नाही. आमच्या दोघी प्लंबरला गाडीत घालून घेऊन गेल्या. त्याचा फोटो कुणी काढला नाही. पण मला विचाराल तर वर्षभरातला सगळ्यात भारी प्रोजेक्ट तोच. देऊन येणं सोपं असतं, परत जाणं कठीण.

मैत्री? ती मध्येच कधीतरी झाली

आता मूळ प्रश्न. रात्री अकराचा फोन!

मतदानानंतर महिन्याभरातच मला डेंग्यू झाला. फ्लॅटमेट ऑनसाइटवर, आई-बाबा सांगलीत. प्लेटलेट्स घसरल्या आणि डॉक्टर म्हणाले, अ‍ॅडमिट व्हा. मी लिफ्टवाल्या काकूंना फोन केला. वेळ खरोखरच रात्री अकराची होती. पंधरा मिनिटांत त्या आणि त्यांची सून खाली गाडी घेऊन उभ्या.

दुसऱ्या दिवशी क्लबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चक्क ड्यूटी चार्ट लागला. सकाळचा डबा कोण, दुपारी कोण बसणार, रिपोर्ट कोण आणणार. सांगलीहून आई पोचेपर्यंतची एक रात्र कुणाच्या वाट्याला आली असेल? त्याच बहात्तर वर्षांच्या पीपी काकूंच्या! रात्रभर खुर्चीत बसून सुडोकू सोडवत होत्या. पहाटे मला जाग आली, तर पाण्याचा ग्लास पुढे करत म्हणाल्या, "घे. आणि एक लक्षात ठेव, माझं मत अजून तेच आहे हं. ते जिल्हा परिषदेचंच काम आहे!"

आम्ही दोघी इतक्या हसलो, की सिस्टर रागवायला आल्या.

माझा फंडा आता क्लिअर आहे. नुसतं भेटून, गप्पा मारून, कॉफी पिऊन ओळख होते. मैत्री होते ती एकत्र काहीतरी ओढताना, त्यात भांडताना आणि भांडूनसुद्धा पुढच्या मीटिंगला शेजारी बसताना. शाळेत-कॉलेजात मैत्री आपोआप व्हायची, कारण रोज एकत्र काहीतरी करावंच लागायचं. तिशीत ते 'करावंच लागणं' आपल्याला स्वतःहून शोधावं लागतं.

मग रोटरीच का नाही?

हा प्रश्न मला ऑफिसमध्ये हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८७ मधला निकाल आणि त्यानंतर १९८९ मध्ये रोटरीने स्वतः बदललेला नियम, यामुळे रोटरीची दारं बायकांना उघडली. २०२२-२३ मध्ये जेनिफर जोन्स रोटरी इंटरनॅशनलच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. मग फक्त बायकांचं वेगळं चाक हवंच कशाला?

पुण्यात राहणाऱ्या मुलीने हे विचारावं, याची जरा गंमत वाटते. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये आर्य महिला समाज काढला तो याच शहरात. रमाबाई रानड्यांचं पुणे सेवासदन १९०९ चं. अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली बैठक १९२७ मध्ये भरली तीही पुण्यातच. बायकांनी एकत्र बसून सभा चालवायची, पैसे जमवायचे, हिशेब ठेवायचे आणि काम उभं करायचं, हे आपल्याकडे काही मँचेस्टरहून आलेलं नाही!

ज्यांना मिश्र ग्रुपमध्ये आवडतं त्यांनी रोटरीत जरूर जावं. पण चेक लिहिता न येणाऱ्या खजिनदार काकू आठवतात ना? पुरुषांनी भरलेल्या खोलीत त्यांनी ते पद घेतलं असतं? मला शंका आहे. आणि सातवीतली मुलगी पाण्याबद्दल जे बोलली, ते व्हरांड्यात चार पुरुष उभे असते तर बोलली असती? मुळीच नाही.

बुधवार, दुपारी चार

सगळं गोड गोड नाही हं! आमच्या मीटिंगची वेळ वर्षानुवर्षं बुधवारी दुपारी चारची. त्या वेळी मी क्लायंट कॉलवर असते. 'तरुण मुली येत नाहीत' अशी तक्रार प्रत्येक मीटिंगमध्ये होते, पण ती मीटिंगच अशा वेळी असते, की तरुण मुली येऊच शकत नाहीत!

मी शनिवार सुचवला. लगेच दुसरी बाजू आली. शनिवारी नातवंडं येतात, सुनांना सुट्टी असते, घरातून निघता येत नाही. म्हणजे एकीची नोकरी आणि दुसरीचं घर, दोन्हींची गैरसोय खरी. शेवटी तोडगा निघाला. एक आड एक मीटिंग शनिवारी संध्याकाळी, आणि रोजच्या मीटिंगला साडीची सक्ती नाही. त्यानंतर तिशीतल्या तिघी आल्या. दोघी टिकल्या. तिसरीला वर्गणी आणि वरचेवरची कॉन्ट्रिब्युशन्स परवडेनात. तिने ते सरळ सांगितलं आणि ती गेली. तिचं म्हणणं क्लबने ऐकायला हवं. मैत्रीला एंट्री फी जड होता कामा नये. पुढच्या वर्षीच्या बजेट मीटिंगला हाच विषय घेऊन मी उभी राहणार आहे. एक्सेलसकट!

जॉईन करायचंय? मग हे वाचा

• रोटेरियनची बायको, बहीण किंवा मुलगी असलंच पाहिजे, ही जुनी अट आता राहिलेली नाही. सदस्यांनी आमंत्रण दिलं आणि क्लबातल्या बहुमताने होकार दिला, की तुम्ही आत. ओळखीच्या एखाद्या सदस्येला 'पाहुणी म्हणून येऊ का?' असं सरळ विचारा.

• आधी दोन-तीन मीटिंगना जा, मगच फॉर्म भरा. एक मीटिंग सणासुदीची नको, हिशेबाची बघा. क्लब कसा आहे ते तिथेच कळतं.

• वर्गणीचं नीट विचारून घ्या. त्यातला काही भाग डिस्ट्रिक्ट, राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय संघटनेकडे जातो. वर्षभरात वरखर्च किती येतो, हेही न लाजता विचारा.

• 'मागच्या वर्षी जिथे काम केलं, तिथे पुन्हा गेलात का?' हा प्रश्न जरूर विचारा. उत्तर हो असेल तर डोळे मिटून जॉईन व्हा!

• इनर व्हील जमलं नाही तरी पर्याय आहेत. नोकरी-व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांसाठीच्या झोंटा (१९१९, बफेलो) आणि सोरॉप्टिमिस्ट (१९२१, ऑकलंड, कॅलिफोर्निया) या दोन्ही संस्था अमेरिकेत सुरू होऊन देशोदेशी पोचल्या. आणि काहीच नाही तर सोसायटीचं महिला मंडळ आहेच की! हळदीकुंकवाला जमणाऱ्या पंचवीस जणींपैकी पाच जणी जवळच्या शाळेचा नळ बघायला तयार झाल्या, की झाला तुमचा क्लब.

पण एक वॉर्निंग देऊन ठेवते. इथे जाऊन तुमचं नेटवर्किंग होईल, सीव्हीत एक ओळ वाढेल, असा हिशेब असेल तर नका जाऊ. दोन महिन्यांत बोअर व्हाल. शनिवारची संध्याकाळ द्यायची तयारी असेल, आपल्यापेक्षा चाळीस वर्षांनी मोठ्या बाईशी समोरासमोर वाद घालायची हिंमत असेल आणि हरलात तरी तिच्याच गाडीतून घरी यायची तयारी असेल, तर मात्र जरूर जा. आणि हो, चकलीला काटा कसा आणायचा ते आधी शिकून घ्या!